घोड्यांची चकरी, बाबा आणि डिस्नेलँडची सत्तरी

यंदा चवथीला घरी जो कुणी आला, त्याला बाबांनी आधी घोड्यांचं सांगितलं. गणपतीला हात जोडून व्हायचे, हातात नेवऱ्यांची ताटली यायची, आणि बाबा खुर्ची पुढे ओढून सुरू करायचे. "लाकडाचे घोडे. अडुसष्ट. शंभर वर्षांचे. आणि पितळ असं घासलेलं, की देवळातल्या समईत तोंड दिसतं तसं दिसतं." येणाऱ्याला वाटायचं, कुठल्या तरी देवस्थानाच्या रथाबद्दल चाललंय. मग नारळ खवता खवता मी आतून ओरडून सांगायची, "अमेरिकेतलं सांगताहेत ते. डिस्नेलँडमधलं."

पाहुण्यांना नवल वाटायचं. गोव्यातल्या पेडण्यातला सत्तर वर्षांचा माणूस, सारी हयात बसगाड्यांच्या वर्कशॉपात ग्रीसमध्ये हात घालून काढलेली, आणि डिस्नेलँड? खरं तर डिस्नेलँडची भक्त मी. लहानपणापासूनची, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली. बाबा माझ्या हट्टापायी आले होते. पण या प्रेमाचं नेमकं कारण मला कधी कुणाला नीट सांगता आलं नव्हतं, आणि बाबांना ते तीन दिवसांत सापडलं. म्हणून हे लिहायला बसलेय.

सुरुवात शेजारच्या घरातून झाली. शेजारचे अंकल बोटीवर होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले घरी. मी दुसरी-तिसरीत असताना ते आपल्या मुलांसाठी व्ह्यू-मास्टर घेऊन आले. डोळ्यांना लावायचं लाल यंत्र, त्यात सरकवायची कागदाची गोल चकती, आणि बाजूला एक खटका. चकतीच्या कडेने फिल्मचे चौदा इवले तुकडे असतात. ते जोडीने दिसतात, डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला एक, म्हणून देखावे सातच. आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात म्हणूनच ते खोल वाटतात, हात घालावा असे. अंकलच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आम्ही पोरं रांगेने बसायचो. माझा नंबर शेवटी. यंत्र उजेडाकडे धरावं लागायचं, आणि आषाढात आभाळ भरून आलं की चकतीतला डिस्नेलँडचा राजवाडासुद्धा काळवंडायचा. मग अंकलची बायको बल्कांवातला दिवा लावायची. त्या राजवाड्यासमोर, खालच्या कोपऱ्यात, एक माणूस हातात झाडू घेऊन उभा होता. फोटो काढणाऱ्याच्या तो नजरेतही आला नसेल. मी मात्र दर वेळी आधी त्यालाच शोधायची. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

दुसरी सुरुवात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत. पौषातली थंडी, कोलवाळच्या पुलावरून जाणारी गच्च भरलेली बस, लांबूनच दिसणारी रोषणाई. ज्यांनी ती जत्रा पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जावं. शेतात उभं असलेलं देऊळ, आत हातात दांडा घेतलेला राखणदार, आणि बाहेर दिव्यांचं आणि आवाजांचं रान उठलेलं. खाज्यांचे ढीग, फेरीतली बाहुल्या-बांगड्यांची दुकानं, मौत का कुआंतल्या मोटरसायकलींचा घरघराट. आणि या सगळ्यावर उभा आकाशपाळणा.

बाबा पाळण्यात कधी बसले नाहीत. खाली उभे राहायचे, आमच्या चपला पिशवीत घालून. पण आम्हाला बसू देण्याआधी ते पाळण्याभोवती एक फेरी मारायचे. इंजिनापाशी थांबून कान द्यायचे. पाळणा थांबला की आसाजवळ जाऊन बेअरिंगच्या घरावर हात ठेवायचे, किती तापलंय ते बघायला. मग वर बघत, एकेका डब्याच्या खुंटीवर नजर फिरवत, मनातल्या मनात काहीतरी मोजायचे. भाऊ आणि मी तोवर पाय आपटत उभे.

एका वर्षी ते परत आले आणि म्हणाले, "आयज नाका."

आम्ही रडलो. भाऊ तर जमिनीवरच बसला. बाबांनी त्याला तसाच बसू दिला आणि पाळणेवाल्याला हाक मारली. एका डब्याच्या खुंटीला, ती निसटू नये म्हणून घालतात ती कॉटर पिन नव्हती, त्या जागी तार पिळून बसवली होती. पाळणेवाला आधी चिडला. रांगेतले लोक बघत होते, त्याच्या धंद्याची वेळ होती. बाबा आवाज न चढवता त्याच्याशी बोलत राहिले. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. त्या खिशात कायम काही ना काही असायचं, एखादा वायसर, एखादा छोटा नट. त्यातून एक कॉटर पिन निघाली. पाळणा थांबवला गेला. बाबांनी पिन घातली, तिचे दोन पाय पक्कडीने वळवले, रुमालाने खुंटीवरचं काळं पुसलं आणि मग आम्हाला म्हणाले, "बसा आता."

वर गेल्यावर मला सगळं म्हापसा दिसलं असेल. आठवतात ते बाबा. दिव्यांच्या मधोमध, मान वर करून, पिशवी छातीशी धरून उभे असलेले.

बाबा १९५५ चे. आजी त्यांचं वर्ष आकड्याने सांगायची नाही. "सत्याग्रही आले त्या पावसातला," म्हणायची. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सत्याग्रही हद्द ओलांडून पोर्तुगिजांच्या गोव्यात शिरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे, आमच्याच तालुक्यात. बाबा तेव्हा महिन्याभराचे होते. दारं लावून, दिवे मालवून घरातली माणसं बसून होती, आणि हे पोर रडायचं थांबत नव्हतं, असं आजी सांगायची. त्याच जुलैत जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावात, संत्र्यांच्या बागा तोडून केलेल्या १६० एकरांवर डिस्नेलँड उघडलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण ज्या घरात त्या वर्षीची तान्ही पोरं गप्प करावी लागत होती, त्या घरातल्या माणसाला मला ती दुसरी जागा दाखवायची होती. सत्तरीचा सोहळा जाहीर झाला तेव्हा हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मी स्वतः एकदा जाऊन आले होते, २०१५ मध्ये, साठीच्या वेळी. भाऊ तिकडेच असतो, अ‍ॅनाहाइमपासून गाडीने अर्ध्या तासावर. त्या खेपेला मी नुसती धावत होते. सगळं बघायचं होतं, सगळ्यात बसायचं होतं. घरी आले तेव्हा चार हजार फोटो होते. यंदा शाळेतून बिनपगारी रजा घेतली, व्हिसाच्या मुलाखतीसाठी बाबांना मुंबईला नेलं. निघताना बाबा म्हणाले, "जात्राच न्हय गो ती?" मी म्हटलं, "हो बाबा, जत्राच आहे. चला." मोपाच्या विमानतळावर जाताना वाटेत आमचंच जुनं काजूचं रान लागतं, तिथे त्यांनी खिडकीतून एकदा हात जोडले.

१७ जुलैला सकाळी आम्ही दाराशी पोचलो तेव्हा शेकडो माणसं आमच्या आधी येऊन उभी होती. सत्तरीचा उत्सव मे महिन्यापासूनच चालू होता, पण वाढदिवसाच्या तारखेची गोष्ट वेगळी. म्हातारी जोडपी, तीन-तीन पिढ्या एकाच रंगाच्या टी-शर्टात, टोपीभर बिल्ले लावलेली एक आजी. बाबांच्या गुडघ्यांसाठी दाराजवळ चाकांची खुर्ची भाड्याने घेतली. आधी ते बसेनात. मग त्यांनी खुर्चीचं चाक हाताने फिरवून बघितलं, आवाज येत नाही याची खात्री केली आणि बसले.

रांगेत उभं राहून मी त्यांना पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९५५, रविवार. अवघ्या वर्षभरात, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून उभं केलेलं काम, आणि उद्घाटन टीव्हीवर थेट. कार्यक्रम सांगायला जे तिघे होते त्यांतला एक रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. आमंत्रितांपुरता दिवस होता, पण खोटी तिकिटं छापली गेली आणि २८ हजारांवर माणूस आत शिरला. उकाडा असा, की नुकतंच ओतलेलं डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांचा संप होऊन गेला होता. वेळ इतका कमी उरला की पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास, असा प्रश्न हे सगळं उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नेपुढे आला, आणि त्याने संडास निवडले. वर गॅस गळती झाली म्हणून एक भाग बंद ठेवावा लागला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "संडास केले ते बरं केलं," म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी पार्क सर्वांसाठी उघडलं. नळ दुरुस्त होत राहिले, डांबर पुन्हा घातलं गेलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. पहिल्याच दिवशी इतकं बिघडलेलं काम सत्तर वर्षं चालतं, त्याचं श्रेय कल्पनेला जेवढं आहे त्याहून जास्त त्या दुसऱ्या दिवसाला आहे.

आत गेल्यावर माझी नजर नेहमीसारखी समोरच्या राजवाड्याकडे गेली. तो जेमतेम ७७ फुटांचा आहे, आपल्याकडच्या सहा-सात मजली इमारतीएवढा. पण खालचे दगड मोठे आणि वर जाताना लहान लहान करत नेलेत, म्हणून आहे त्याहून उंच भासतो. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आपल्या देवळातली दीपमाळ तशीच, वर निमुळती होत गेलेली, म्हणून आभाळाला टेकल्यासारखी वाटते. मला हे कधी सुचलं नव्हतं.

मग आम्ही आगगाडीत बसलो. पार्कला वळसा घालून जाणारी ही गाडी वॉल्टच्या जिवाची होती. तीन फुटी रूळ, खरी वाफेची इंजिनं. दोन इंजिनं पार्कसाठी त्याच्या स्टुडिओतच बांधलेली आहेत आणि ती अजून चालतात. बाकीची त्याहून जुनी, एक तर १८९४ चं, लुइझियानातल्या मळ्यांवर ऊस ओढणारं. एका स्टेशनवर आमचं इंजिन थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, लांब चोचीची तेलाची झारी घेऊन एकेका सांध्यात तेल सोडू लागला. बाबा खुर्चीतून उठले. मी धरायला गेले तर हात बाजूला केला. कठड्याला धरून ते उभे राहिले आणि ड्रायव्हर जिथे जिथे झारी नेईल तिथे तिथे त्यांची मान वळत गेली. एका ठिकाणी ड्रायव्हरने चिंधीने तेलाचा ओघळ पुसला. बाबांनी मान हलवली, शिष्याचं गणित बरोबर आल्यावर मास्तर हलवतात तशी.

त्याच स्टेशनात तारायंत्राची टकटक सतत ऐकू येते. बहुतेकांना ती नुसती सजावट वाटते. ती जुन्या तारेच्या लिपीतली असते आणि तिच्यात वॉल्टच्या उद्घाटनाच्या भाषणातले शब्द आहेत. कुणी ऐको न ऐको, सत्तर वर्षांपूर्वीचं स्वागत टकटकत असतं. मी गेल्या खेपेला तिथे उभी राहून रडले होते. यंदा बाबांनी विचारलं, "बंद पडलं तर कळतं का त्यांना?" भावाने तिथल्या माणसाला जाऊन विचारलं. तो हसून म्हणाला, सगळ्यांत आधी रोज येणारी माणसंच सांगत येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉल्टचा पुतळा बघायला गेलो. पुतळा म्हणणं बरोबर नाही. सत्तरीसाठी, १७ जुलैपासूनच, मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याची हलती-बोलती आकृती उभी केली आहे. आवाज त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांतला. ज्या माणसाने १९६३ मध्ये इथे गाणारे यांत्रिक पक्षी आणले, १९६५ मध्ये बोलणारा लिंकन आणला, त्याच्याच कलेत त्याला उभं केलं आहे. त्याच्या एका नातीने याला उघड विरोध केला होता. आजोबांचं यंत्र करू नका, असं तिचं म्हणणं. तिथे बसल्यावर मला तिचं म्हणणं पटलं आणि तरी डोळे हलेनात. चेहरा पाहताना अवघडल्यासारखं होत होतं. हात मात्र खरे वाटत होते.

बाबाही हातांकडेच बघत होते. बाहेर आल्यावर त्यांना नरकासुर आठवला. दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी आमच्या वाड्यावरची पोरं नरकासुर करायची, आणि एका वर्षी बाबांनी वर्कशॉपात भंगारात निघालेली बसच्या वायपरची मोटर आणून नरकासुराची मान हलती केली होती. डावीकडे, उजवीकडे, पावसात काच पुसावी तशी. शेजारच्या तीन गावांतून लोक बघायला आले. पहाटे त्याला जाळायची वेळ झाली तेव्हा बाबांनी आधी पोटात हात घालून मोटर काढून घेतली. "दुसऱ्या वर्षाला लागली असती," म्हणाले, आणि लागलीही. ती मोटर सहा वर्षं चालली.

रात्री दिव्यांचे चित्ररथ निघाले. २०१५ मध्ये साठीसाठी इथे पहिल्यांदा निघालेली हीच मिरवणूक सत्तरीला परत आणली होती. लाखो एलईडींनी मढलेले रथ, नाचणारी माणसं, रस्त्याच्या दोन्ही कडांना जमिनीवर बसलेली कुटुंबं. पणजीत शिगम्याच्या चित्ररथांना आम्ही अशीच पाच पाच तास आधी जागा धरून बसायचो. इथे रोमटामेळाचा ढोल तेवढा नव्हता. बाबांना रथ आवडले, पण त्यांनी त्याहून जास्त वेळ बघितलं ते मागून येणाऱ्या माणसांना. शेवटचा रथ गेल्याबरोबर झाडू आणि सुपल्या घेऊन पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं आली आणि रस्ता स्वच्छ झाला. पार्क बंद झाल्यावर रात्रभर रस्ते धुतले जातात, रंग उडाला असेल तिथे रंग लावला जातो, जळलेले दिवे बदलले जातात, हे मी त्यांना सांगितलं. आणि सांगता सांगता मला चकतीतला तो झाडूवाला आठवला. सात वर्षांची मी त्याला का शोधायची, ते मला तिथे, त्या धुतल्या जाणाऱ्या रस्त्यावर कळलं. राजवाडा चित्रातला असू शकतो. झाडू मारणारा माणूस आहे म्हणजे ती जागा खरी आहे, कुठेतरी आहे आणि कुणीतरी ती सांभाळतंय.

परत जाताना अग्निशामक दलाच्या छोट्या ठाण्यापाशी थांबलो. त्याच्या माडीवर वॉल्टची दोन खोल्यांएवढी जागा होती. पार्कचं बांधकाम चालू असताना आणि नंतरही तो तिथे मुक्कामाला असायचा. १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला. त्याच्या खिडकीतला दिवा मात्र अजून तेवत ठेवतात. मी बोट करून दाखवला.

"नंदादीप," बाबा म्हणाले. खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या, टोपीभर बिल्ले लावलेल्या त्याच आजीने ते बघितलं आणि तिनेही हात छातीशी नेले. तिला काय कळलं असेल ते असो.

तिसरा दिवस मी घोड्यांसाठी राखून ठेवला होता.

या सगळ्या पसाऱ्याचं मूळ एका घोड्यांच्या चकरीत आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट आपल्या दोन मुलींना, डायान आणि शॅरनला, सुट्टीच्या दिवशी चकरीवर न्यायचा. मुली गोल गोल फिरत आणि बाप बाकावर बसून दाणे खात वाट बघत बसे. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की मोठी माणसं आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. हे त्यानेच पुढे सांगून ठेवलं आहे. मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल याला मोजदाद नाही. दर वेळी मला तो बाक दिसला की त्यावर वॉल्ट नसायचा. पिशवी छातीशी धरून उभे असलेले बाबा दिसायचे.

डिस्नेलँडमधली चकरी राजवाड्याच्या मागे आहे. ती १९२२ मध्ये घडवलेली, आधी कॅनडात टोरोंटोच्या किनाऱ्यावरच्या एका करमणूक बागेत फिरत होती. तिच्यावर तेव्हा घोड्यांबरोबर इतर प्राणीही होते. वॉल्टला सगळे घोडेच हवे होते, तेही सगळे उड्या मारणारे, कारण स्थिर उभा असलेला घोडा वाट्याला आलेलं मूल हिरमुसतं. मग दुसरीकडून जुने घोडे मिळवले आणि संख्या पुरी केली. आधी ते वेगवेगळ्या रंगांचे होते. प्रत्येक पोराला पांढराच घोडा हवा असायचा, भांडणं व्हायची, म्हणून १९७५ मध्ये सगळेच पांढरे केले. आता ६८ आहेत. ज्यांना घोड्यावर चढता येत नाही त्यांच्यासाठी एक बाक आहे. घोडे आळीपाळीने उतरवून, रंगवून, पुन्हा चढवतात.

रांगेत असताना बाबा कठड्यातून हात घालून सगळ्यांत बाहेरच्या घोड्याला लावता येतो का ते बघत होते. आमची पाळी आली. मी त्यांना बाकाकडे नेऊ लागले, पण ते वाटेत एका घोड्यापाशी थांबले. त्यांनी मानेवर हात ठेवला. मग बोटांची पेरं आयाळीच्या खाचांतून हळूहळू फिरवली, बेअरिंगच्या घरावरून फिरवायचे तशी. खालचं लाकूड आणि वरचे रंगाचे थर, असं काही हाताला लागत होतं त्यांना. लगामाच्या कडेला रंग जरा जाड बसला होता, तिथे त्यांचा अंगठा थांबला.

"कितलीं वर्सां जालीं हाका?"

"शंभरच्या वर, बाबा."

"ग्रीस कोण मारता?"

"माहीत नाही. रात्री मारत असतील."

ते वर बघायला लागले, छताकडे, जिथून सगळे खांब खाली उतरतात. आकाशपाळण्याखाली उभे राहून बघायचे तसेच, मनात मोजत. तिथल्या मुलीने हात जोडून विनंती केली तेव्हा कुठे आमच्यामुळे सगळे थांबलेत हे ध्यानात आलं. बाबा बाकावर बसले. मी बाजूच्या घोड्यावर चढले आणि सवयीने माझी पिशवी त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली.

घंटा वाजली आणि चकरी सुरू झाली. इतक्या वर्षांत मी वर आणि बाबा खाली, असंच होतं. आता मी जराशी वर जायची आणि जराशी खाली यायची, आणि दर वेळी खाली आले की बाबा तिथेच, माझ्या बरोबरीने, फिरत असलेले. राजवाड्याची मागची भिंत गेली, झाडं गेली, कठड्यापलीकडे मोबाइल धरून उभा असलेला भाऊ गेला, पुन्हा आला. बाबा खांबाला धरून बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. कान देऊन ऐकत होते. गाण्याच्या खाली, लाकडाच्या फरशीच्या खाली, कुठेतरी यंत्र फिरत होतं आणि त्यात कुठेही घासल्याचा, कुरकुरल्याचा आवाज नव्हता.

चकरी थांबली. मुलं उतरायला लागली. बाबा उठले, पिशवी माझ्या हातात दिली.

"बरें सांबाळ्ळां हांणी," म्हणाले.

पितळेच्या खांबावर जिथे त्यांनी धरलं होतं तिथे बोटांचे ठसे उमटले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाची वाफ सोडून खांबाचा तेवढा भाग पुसला, मान तिरपी करून उजेडात बघितला, पुन्हा एकदा पुसला, आणि मग माझा हात धरून खाली उतरले.